साळिंदर गेममध्ये आणायचंय? पहिल्यांदाच काटेरी शत्रू बनवणाऱ्यांसाठी

१९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढगात बसलेला लाकिटू वरून अंडी टाकतो. ती जमिनीवर पडली की त्यांतून काटेरी पाठीचे स्पायनी बाहेर येतात आणि चालू लागतात. तोवर खेळणाऱ्याच्या हाताला एकच सवय लागलेली असते: समोर कोणी आलं की त्याच्या डोक्यावर उडी मारायची. स्पायनीवर तशी उडी मारली की मार आपल्यालाच बसतो. एवढ्या एका बदलाने ओळखीची वाट पुन्हा नवी होते. काटेरी शत्रू गेममध्ये असतो तो यासाठी.

त्या गेमच्या प्रेमापोटी आम्ही चौघं फावल्या वेळात एक गेम बनवतोय. धावणं, उडी, घसरत जाणं, सगळं त्या जुन्या घराण्याचं. जंगल मात्र कोकणातलं. त्यात स्पायनीच्या जागी काय असावं यावर फार वाद झाला नाही. साळिंदर. ते बनवताना मी जे चुकलो आणि जे सापडलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय. आम्ही गोडॉट ४ हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, वापरतो. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. दुसरं इंजिन असेल तर नावं बदलतील, विचार तोच राहील.

पायरी १: आधी प्राणी ओळखा

ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली होती, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले.

साळिंदराला कुठे सायाळ म्हणतात, कुठे साळू. हिस्ट्रिक्स इंडिका हे त्याचं शास्त्रीय नाव. उंदीर-खारींसारखा हा कुरतडणारा प्राणी, पण अंगाने दांडगा: पूर्ण वाढलेलं साळिंदर ११ ते १८ किलो भरतं. इंटरनेटवर काटेरी प्राण्याची चित्रं शोधलीत तर बहुतेक हेजहॉगची मिळतील, आणि इथेच पहिली गल्लत होते. हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा, किडे खाणारा. संकट आलं की तो अंगाचा चेंडू करतो. १९९१ मध्ये आलेला सेगा कंपनीच्या गेमचा नायक सॉनिक हेजहॉग आहे, म्हणून त्याला गोल होऊन गडगडत जाणं शोभतं. साळिंदर कधीच चेंडू होत नाही. तुमचं साळिंदर गडगडू लागलं, तर जंगलालगत राहणारा कोणीही पहिल्या मिनिटात म्हणेल, हे आमचं साळिंदर नव्हे.

दुसरी गल्लत याहून मोठी. साळिंदर बाणासारखे काटे फेकतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं नाही. काटे म्हणजे बदललेले केसच. आपली नखं ज्या केराटिनची, त्याच केराटिनचे. ते कातडीत सैल बसलेले असतात, म्हणून शत्रूच्या अंगात घुसले की तिथेच राहतात. पण फेकता येत नाहीत. साळिंदर करतं ते वेगळंच. आधी काटे फुलवतं, त्यामुळे मुळातल्या आकाराच्या दुप्पट दिसू लागतं. मागचे पाय आपटतं. शेपटीवर काही पोकळ काटे असतात, ते थरथरवून खुळखुळ्यासारखा आवाज करतं. एवढं करूनही समोरचा हटला नाही, तर पाठ वळवतं आणि उलट्या पावलांनी त्याच्यावर धावून जातं.

त्या धडकेत बिबटे आणि वाघसुद्धा जायबंदी होतात. शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीतच गेला होता, आणि तिच्या पुढच्या पायात काटे रुतून बसले होते.

माझ्या पहिल्या आवृत्तीतलं साळिंदर काटे फेकायचं. चालत होतं, दिसायलाही बरं होतं, पण खेळताना बंदूकवाल्या कुठल्याही शत्रूसारखंच वाटायचं. त्याच्या जागी तोफ ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं. खऱ्या प्राण्याबद्दल वाचल्यावर लक्षात आलं की दंतकथेपेक्षा खरं वागणं गेमसाठी कितीतरी चांगलं आहे. प्रत्येक शत्रू तोंडाने हल्ला करतो; हा पाठीने करतो. इतर कोणी पाठ फिरवली की तो पळतोय असं आपण समजतो आणि मागे लागतो. साळिंदराने पाठ फिरवली की आपण थांबायचं असतं.

पायरी २: नियम एका वाक्यात लिहा

आमचं वाक्य असं: 'तोंड दिसतंय तोवर जवळ जा, पाठ दिसली की लांब राहा.' ते कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. पुढे प्रत्येक वेळी, काट्याचा आकार ठरवताना, आवाज निवडताना, वेग बदलताना, त्या वाक्याकडे बघायचं. वाक्याला मदत करत नसेल ती गोष्ट काढून टाकायची. आमच्यातल्या एकाने साळिंदराला उडी द्यायचं सुचवलं होतं. उडीतल्या साळिंदराची पाठ कुठली आणि तोंड कुठलं, हे खेळणाऱ्याला कळेना. दोन दिवसांची मेहनत होती, तरी ती उडी काढली.

पायरी ३: चित्र

पिक्सेल चित्रासाठी पिस्केल किंवा लिब्रेस्प्राइट पुरेसं आहे, दोन्ही फुकट. सगळ्या चौकटी एकाच मापाच्या ठेवा. आम्ही ४८ बाय ४८ पिक्सेल घेतले. चरताना साळिंदर त्यातली जेमतेम अर्धी उंची व्यापतं, वरची जागा रिकामी असते. ती जागा फुकट जात नाही, काटे फुलले की भरते. शांत साळिंदरासाठी छोटी चौकट आणि फुललेल्यासाठी मोठी, असं केलंत तर काटे फुलवताना त्याचे पाय जमिनीवरून उडाल्यासारखे दिसतात.

काट्यांवरचे काळे-पांढरे पट्टे ही तुमची मोठी सोय आहे. आपल्याकडे या पट्ट्यांकडे फार पूर्वीपासून बारकाईने पाहिलं गेलंय: घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत, म्हणजे गृह्यसूत्रांत, सीमंतोन्नयनाच्या (गर्भवतीचा भांग पाडण्याच्या) विधीसाठी तीन ठिकाणी पांढरा असलेला साळिंदराचा काटा सांगितला आहे. पिक्सेल चित्रात प्रत्येक काटा वेगळा काढायला जाऊ नका. शांत असताना पट्टे अंगालगत, मागे झुकलेले. फुलल्यावर पंख्यासारखे उभे. या दोन आकृत्या नुसत्या काळ्या सावलीत रंगवून बघा. सावलीतही फरक कळला तर चित्र जमलं.

साळिंदर निशाचर असल्यामुळे आमचा हा टप्पा रात्रीचा आहे. पार्श्वभूमी मात्र काळी करू नका, गडद निळी ठेवा. नाहीतर काळे पट्टे रात्रीत विरघळतात आणि उरतात हवेत तरंगणारे पांढरे तुकडे.

गोडॉटमध्ये चित्र धूसर दिसत असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट' करा. पहिल्या दिवशी सगळेच इथे अडकतात.

पायरी ४: सांगाडा उभारा

साळिंदरासाठी स्वतंत्र सीन (गेमचा सुटा तुकडा) करा. मुळाशी कॅरेक्टरबॉडी-टू-डी, म्हणजे कोडने चालवायचं शरीर. त्याच्या पोटात चित्रासाठी अॅनिमेटेडस्प्राइट-टू-डी, जमिनीवर उभं राहण्यासाठी कोलिजनशेप, पुढचा खड्डा ओळखायला खाली रोखलेला एक रेकास्ट (समोर काही आहे का ते तपासणारी अदृश्य रेघ), चाहूल घ्यायला मोठा एरिया (आत कोण आलं ते सांगणारी अदृश्य जागा), आणि आणखी दोन छोटे एरिया: एक काट्यांचा, एक तोंडाचा.

लेयर आणि मास्क यांत गोंधळ होतो. सोपं करून सांगायचं तर लेयर म्हणजे 'मी कोण' आणि मास्क म्हणजे 'मला कोणाशी देणंघेणं'. साळिंदराच्या मूळ शरीराचा मास्क फक्त जमिनीसाठी ठेवा, आणि खेळाडूच्या मास्कमधूनही शत्रूंचा लेयर काढून टाका. नाहीतर खेळाडू आणि साळिंदर एकमेकांना भिंतीसारखे अडवतात, आणि अरुंद जागेत खेळाडू अडकून पडतो. खेळाडूशी संबंध येईल तो फक्त एरियांमधून. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये लेयरना नावं देता येतात. 'जमीन', 'खेळाडू', 'शत्रू' अशी नावं आजच देऊन टाका.

पायरी ५: वागणं

इथे घाई करू नका, सगळं साळिंदर या पायरीत आहे.

आम्ही पाच स्थिती ठरवल्या: चरणं, चाहूल, खुळखुळ, उलटी धाव आणि दम. एका वेळी एकच स्थिती चालू असते. प्रत्येक स्थितीसाठी दोनच गोष्टी लिहायच्या: या स्थितीत काय करायचं, आणि ती कशाने संपते.

चरताना साळिंदर सेकंदाला ३० पिक्सेल चालतं, मधेच थांबून जमीन हुंगतं. पुढे खड्डा किंवा भिंत आली की वळतं. खेळाडू १२० पिक्सेलच्या आत आला की चाहूल: मान वर, पाव सेकंद पूर्ण स्तब्ध. मग खुळखुळ. पाठ खेळाडूकडे, काटे उभे, पाय आपटणं. ही स्थिती ४० फिजिक्स फ्रेम टिकते, म्हणजे दोन तृतीयांश सेकंद. गोडॉटचं फिजिक्स मुळात सेकंदाला ६० वेळा चालतं. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. उरलेला वेळ विचार करायला. मी आधी ही स्थिती २० फ्रेमची ठेवली होती. पाठ वळलेली कळेपर्यंत धडक बसायची आणि लोक चिडायचे. त्यांची चिडचिड रास्त होती.

खुळखुळ संपताना खेळाडू ७२ पिक्सेलच्या आत असेल तरच उलटी धाव. तो मागे सरकला असेल तर साळिंदर काटे मिटून पुन्हा चरू लागतं. हे जरूर ठेवा. इशारा ऐकणाऱ्याला जाऊ देणारा शत्रू गेममध्ये क्वचित भेटतो, आणि साळिंदराचा स्वभावही तोच आहे.

उलटी धाव सेकंदाला १४० पिक्सेलने, ०.६ सेकंद, म्हणजे ८४ पिक्सेल. भिंत लागली तर आधीच थांबते. थांबताना दोन-तीन काटे जमिनीवर गळून पडतात. त्यांनी इजा होत नाही. धडक कुठवर पोचते हे खेळणाऱ्याला त्यांवरून आपोआप कळतं, शब्दात सांगावं लागत नाही. मग एक सेकंद दम. काटे खाली येतात, साळिंदर तोंड खेळाडूकडे करतं. समोरून घसरत जाऊन धडकायची वेळ हीच. धडक बसली की आमचं साळिंदर मरत नाही, बिळाकडे पळतं.

आता दोन हमखास होणाऱ्या चुका. पहिली: बहुतेक शिकवण्यांमध्ये चालण्याची दिशा बघून चित्र उलटवायला सांगतात. साळिंदराला हे चालत नाही, कारण त्याचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असते. दिशा एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवलीत तर धाव सुरू होताक्षणी ते गर्रकन फिरतं आणि तोंडाने धावू लागतं. 'तोंड' आणि 'चाल' अशी दोन व्हेरिएबल सुरुवातीपासून वेगळी ठेवा. चित्र उलटवायचं ते 'तोंड' बघून. दुसरी: मूव्ह-अँड-स्लाइड हे शरीर हलवणारं फंक्शन वेगाला डेल्टाने (दोन फ्रेममधल्या वेळाने) स्वतःच गुणतं. आडवा वेग तुम्हीही डेल्टाने गुणलात तर साळिंदर जागचं हलत नाही आणि चूक कुठे आहे ते दिसत नाही. गुरुत्वाकर्षण मात्र दर फ्रेमला वेगात मिळवायचं असतं, म्हणून तिथे डेल्टा लागतो.

पायरी ६: मार कोणाला, कुठे

आधी डीबग मेनूमधलं 'व्हिजिबल कोलिजन शेप्स' चालू करा. अदृश्य चौकोनांशी अंदाजाने झगडण्यात वेळ घालवू नका.

चित्र उलटवलं तरी एरिया उलटत नाहीत. म्हणजे साळिंदराने पाठ वळवल्यासारखं दिसतं, पण इजा करणारा चौकोन अजून जुन्याच बाजूला. खेळाडू काट्यांतून सुखरूप निघून जातो आणि नाकाला शिवून मार खातो. यासाठी 'तोंड' बदललं की दोन्ही एरियांचं आणि रेकास्टचं आडवं स्थानही उलट करा. उलट्या धावेत रेकास्ट मात्र 'चाल' जिकडे तिकडे हवा, नाहीतर साळिंदर पाठीमागच्या दरीत पडतं.

काट्यांचा चौकोन चित्रापेक्षा दोन-तीन पिक्सेल लहान ठेवा, तोंडाचा थोडा मोठा. दोन्हींना एकाच फ्रेममध्ये स्पर्श झाला तर कौल खेळाडूच्या बाजूने द्या. आपण निसटता वाचलो असं वाटलेला माणूस पुन्हा खेळतो. आपल्याला फसवलं असं ज्याला वाटलं, तो गेम बंद करतो.

'बॉडी एंटर्ड' हा सिग्नल, म्हणजे एरियात कोणी आल्याची गोडॉटची सूचना, आत शिरताना एकदाच मिळतो. मार बसल्यावर खेळाडूला क्षणभर अभय असतं; त्या काळात तो काट्यांतच उभा राहिला तर अभय संपल्यावर पुन्हा सिग्नल येत नाही आणि काटे निरुपद्रवी होतात. म्हणून दर फिजिक्स फ्रेमला एरियात कोण कोण आहे ते विचारून घ्या. आणि सिग्नलच्या आत कोलिजनशेप बंद करायचा असेल तर सेट-डिफर्ड (बदल लगेच न करता किंचित पुढे ढकलणारं फंक्शन) वापरा, नाहीतर गोडॉट लाल अक्षरांत तक्रार करतं.

पायरी ७: आवाज

आमच्या साळिंदराची खुळखुळ म्हणजे गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा. रात्री दारं-खिडक्या बंद करून फोनवर रेकॉर्ड केल्या आणि ऑडॅसिटीमध्ये कापल्या. आवाज ऑडिओस्ट्रीमप्लेअर-टू-डीमधून द्या, म्हणजे साळिंदर पडद्याबाहेर असतानाही कुठल्या बाजूला आहे ते कळतं. दर वेळी पिच ०.९ ते १.१ यांमध्ये थोडी बदलली तर तोच तो वाटत नाही. पण इशारा नुसता आवाजावर ठेवू नका. कित्येक जण फोन मुका ठेवून खेळतात, काहींना ऐकू कमी येतं. पाय आपटताना उडणारी धूळ तेच काम डोळ्यांसाठी करते.

पायरी ८: कुठे ठेवायचं

पहिली भेट सपाट जागी. खड्डा नको, दुसरा शत्रू नको, मागे सरकायला भरपूर वाव हवा. त्याच्याही आधी, निदान एक पडदा अलीकडे, बिळाचं तोंड दाखवा आणि बाहेर चघळलेली हाडं, गळून पडलेल्या सांबरशिंगाचा तुकडा. साळिंदर ही हाडं खरोखर बिळाशी आणतं आणि कुरतडतं. त्यातून त्याला कॅल्शियम मिळतं आणि वाढत राहणारे दातही झिजतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला अर्थ कळणार नाही. तिसऱ्या बिळाशी मात्र हाडं दिसताच त्याचा वेग आपसूक कमी होतो, आणि ते बघताना फार बरं वाटतं.

दुसरी भेट रताळ्याच्या वाफ्यात, कारण कंदमुळं हे त्याचं आवडतं खाणं. इथे वर बक्षीस टांगा, म्हणजे उडीचा मोह होईल. खेळाडूच्या पाठीशी खड्डा असेल अशी जागा तिसऱ्या भेटीआधी नको.

पायरी ९: हक्क

दुसऱ्याच्या गेमच्या प्रेमातून केलेला गेम फुकट वाटला म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या 'मेट्रॉइड' गेमच्या चाहत्यांनी अनेक वर्षं खपून केलेला 'एएमटूआर' बाहेर आला आणि थोड्याच दिवसांत निन्टेन्डोच्या नोटिशीमुळे डाउनलोडच्या जागांवरून उतरला. उलट २०१७ चा 'सॉनिक मेनिया' सेगाने चाहत्यांच्याच फळीतून आलेल्या लोकांकडून करून घेतला. आपल्या वाट्याला काय येईल ते आपल्या हातात नसतं. हातात असतं ते एवढंच: साळिंदराचं चित्र, आवाज, कोड सगळं स्वतःचं ठेवा, वेगळ्या सीनमध्ये ठेवा, खेळाडूच्या कोडमध्ये गुंतवू नका. उद्या मूळ गेमचं नाव आणि पात्रं काढावी लागली तरी साळिंदर तुमचंच राहील.

पायरी १०: दुसऱ्याच्या हातात द्या

ज्याने गेम पाहिलेला नाही अशा कोणाच्या तरी हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. गप्प बसणं या सगळ्यात अवघड आहे. कुठे मार बसला, कितव्या वेळी कळलं, एवढंच वहीत लिहा. तीन वेळा मार खाऊनही पाठीचा अर्थ कळला नाही, तर दोष चित्राचा किंवा वेळेचा, खेळणाऱ्याचा नाही.

माझी भाची अकरा वर्षांची. पहिल्यांदा ती पाठीमागून धावत गेली आणि काट्यांवर आपटली. दुसऱ्यांदा उडी मारून पाठीवर पडली. तिसऱ्यांदा खुळखुळ ऐकताच थांबली, दोन पावलं मागे सरकली. साळिंदराने काटे मिटले आणि ते हळूहळू चरत पडद्याच्या कडेकडून निघून गेलं. तिने बटणावरचं बोट उचलून विचारलं, "मामा, आता ते घरी गेलं का?"

तोवर पडद्याबाहेर गेलेलं साळिंदर मी सरळ पुसून टाकत होतो. त्या रात्री ते बदललं. आता इशारा ऐकून त्याला जाऊ दिलं की पुढच्या बिळाच्या तोंडाशी ते बसलेलं दिसतं, शिंगाचा तुकडा कुरतडत, काटे मिटलेले.